ग्रेटफुल डेडच्या मैफिली ध्वनिमुद्रणांवरून कशा ऐकाव्यात

दादरला माझ्या मामांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, खासगी मैफिलींच्या शे-दीडशे कॅसेट होत्या. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर वर गायकाचे नाव, त्याखाली राग, मग ठिकाण आणि तारीख लिहिलेली असे, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात ‘रिळावरून’, ‘कॅसेटवरून कॅसेट’ किंवा ‘हॉलमध्ये मागून’ अशी एक ओळ असे. लहानपणी मला ती ओळ निरर्थक वाटे. पुढे ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडची ध्वनिमुद्रणे ऐकू लागलो, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनीही हीच ओळ वर्षानुवर्षे निष्ठेने लिहून ठेवलेली आढळली, आणि ती न वाचता ऐकणारा माणूस अर्धी मैफल गमावतो हे तीन-चार चुका करून झाल्यावर माझ्या लक्षात आले. नव्या श्रोत्याला त्याच चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

हा बँड १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ‘वॉरलॉक्स’ या नावाने उभा राहिला आणि मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी गेला तेव्हा थांबला. या तीस वर्षांत त्यांचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. त्यांच्या स्टुडिओतील तबकड्या बऱ्या आहेत, काही तर उत्तम आहेत, पण त्यांच्यावर जीव टाकणारा चाहता त्या तबकड्यांमुळे क्वचितच घडला असेल. कोणती गाणी कोणत्या क्रमाने घ्यायची हे आधीपासून पक्के नसे, एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात शिरणे हा नित्याचा भाग होता, आणि मधला जॅम, म्हणजे सर्वांनी मिळून केलेले उत्स्फूर्त वादन, किती लांबेल हे वाजवता वाजवता ठरत असे. ख्यालाच्या मैफिलींना बसलेल्या माणसाला यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही. फक्त एक सावधगिरी सांगतो: साम्य आहे म्हणून या संगीतात राग शोधत बसू नये. इथे पाच-सहा जण एकाच वेळी बढत करत असतात आणि त्यांपैकी कोणीही स्वतःला साथीदार समजत नाही.

मुद्रण कुठून आले ते आधी पाहावे

ध्वनिमुद्रणांच्या मुख्य जाती तीन. पहिली साउंडबोर्डवरची, म्हणजे सभागृहातील मिक्सरमधून थेट रिळावर किंवा कॅसेटवर उतरवलेली. ती स्वच्छ असते, परंतु ते मिश्रण समोर बसलेल्या प्रेक्षकांसाठी केलेले असते, ध्वनिफितीसाठी नव्हे. लहान सभागृहात एखाद्याचा अ‍ॅम्प्लिफायर मुळातच इतका मोठा वाजतो की त्याला मिक्सरमधून फारसे द्यावे लागत नाही, आणि मग मुद्रणात नेमके तेच वाद्य दबलेले व गाणाऱ्यांचा आवाज मात्र कानाशी आल्यासारखा ऐकू येतो. ‘आज गिटार फारच मागे वाजली’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे आठवावे.

दुसरी जात प्रेक्षकांतून, मायक्रोफोन उंच काठीवर लावून केलेल्या मुद्रणांची. या बँडने अशा मुद्रणाला केवळ मुभा दिली असे नाही, तर ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी मिक्सरमागे वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच, की या फितींची देवाणघेवाण व्हावी, विक्री होऊ नये. अशा मुद्रणात सभागृहाचा घुमारा असतो, शेजारच्या माणसाची शिट्टी असते, आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पंचेचाळीस मिनिटांची बाजू संपली की ऐन रंगात आलेल्या जॅममध्ये काही सेकंदांची खाचही पडलेली असते. तरीही नवख्या श्रोत्याने या जातीकडे पाठ फिरवू नये. गाण्याची पहिली दोन अक्षरे ओळखीची निघताच हजारो माणसे एकदम ओरडतात, तो क्षण साउंडबोर्डवर दुरून आल्यासारखा वाटतो आणि इथे अंगावर येतो. तिसरी जात म्हणजे या दोन्हींची मोट बांधून केलेले ‘मॅट्रिक्स’. ते जमले तर सर्वांत सुखाचे असते.

यापुढचा प्रश्न पिढीचा. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, असे होत गेले की प्रत्येक टप्प्यावर खरखर वाढते आणि झांजांची चमक मरते. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईने सत्तरच्या दशकात केलेली रिळे अशा प्रतींच्या तुलनेत इतकी ताजी वाटतात, त्याचे कारण तिचा कान तर आहेच, पण मूळ रिळेच हाती आली हेही आहे. भाड्याच्या गोदामात पडलेली तिची रिळे १९८६ मध्ये लिलावात विकली गेली आणि तिथून ती चाहत्यांपर्यंत पोहोचली. आज इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहात बहुतेक कार्यक्रमांच्या एकाहून अधिक आवृत्त्या मिळतात. त्यांपैकी साउंडबोर्डची मुद्रणे तिथेच ऐकता येतात आणि प्रेक्षकांतून केलेली उतरवूनही घेता येतात. आवृत्ती निवडण्यापूर्वी तिच्याखाली दिलेली वंशावळ वाचावी: कोणते मायक्रोफोन, कोणता डेक (फीत मुद्रित करणारे आणि वाजवणारे यंत्र), कितवी प्रत, संगणकात कोणी घेतले. मामांच्या कागदावरची शेवटची ओळ ती हीच.

तारखेवर आंधळा विश्वास ठेवू नये. अनेक वर्षांपूर्वी फोर्टमधल्या एका विक्रेत्याकडून मी मे १९७७ असे छापलेली सीडी घेतली आणि जवळजवळ वर्षभर ती १९७७ ची समजून लोकांना ऐकवली. शेवटी एका मित्राने दोन मिनिटांत ती परत माझ्या हातात ठेवली. त्याने फक्त कीबोर्ड ऐकला होता. ही ओळखीची युक्ती शिकून घेण्यासारखी आहे. ऑर्गन, हार्मोनिका आणि ब्लूज गाणारा जाडसर आवाज म्हणजे पिगपेन, जो मार्च १९७३ मध्ये वारला. ग्रँड पियानो आणि सोबत एका स्त्रीचा आवाज म्हणजे १९७२ ते फेब्रुवारी १९७९ या काळातील कीथ आणि डोना गोडशो हे दांपत्य. हॅमंड ऑर्गन आणि वरच्या पट्टीतला खरखरीत, दुखरा आवाज म्हणजे एप्रिल १९७९ ते जुलै १९९० मधला ब्रेंट मिडलँड. माझ्या सीडीवर ब्रेंट मनसोक्त ओरडत होता. ड्रमवादकांचीही अशीच खूण आहे: मिकी हार्ट फेब्रुवारी १९७१ मध्ये बाहेर पडला आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये परतला, त्यामुळे मधल्या काळात बिल क्रॉइट्झमान एकटाच वाजवतो आणि सगळा बँड कसा हलका, वळणदार होतो.

पट्टी तपासावी, पेटी असेल तर पेटीवर

ही पायरी बहुतेक जण गाळतात. डेक वेगात चालला असेल तर फीत हळू चालणाऱ्या दुसऱ्या डेकवर वाजवताना पट्टी उतरते आणि उलट झाले तर चढते. अशा मुद्रणांची संख्या थोडीथोडकी नाही. गार्सियाचा आवाज कोवळा आणि घाईत असल्यासारखा वाटला, तर गुण त्या रात्रीचा नसून डेकच्या मोटारीचा असू शकतो.

मामांना मी एकदा ‘स्कार्लेट बिगोनियाज’ आणि त्याला जोडून येणारे ‘फायर ऑन द माउंटन’ ऐकवले. सुरुवातीची वाद्ये लावण्याची मिनिटे चालू असताना ते म्हणाले, ‘‘हे वाजवायला लागले की अजून लावतायत?’’ (प्रश्न रास्त होता, या बँडइतका वेळ तारा जुळवण्यात घालवणारे लोक मी दुसरे पाहिलेले नाहीत.) मग त्यांनी पेटी ओढली, भात्यावर हात ठेवला आणि अर्ध्या मिनिटात पांढरी एक दाबून धरली. ‘‘हा षड्ज. दुसरं गाणं आलं तरी हलला नाही बघ.’’ दुसऱ्या दिवशी अधिकृत प्रकाशनातील तीच जोडी लावली, तर षड्ज पांढरी सातवर, म्हणजे लगेच खालच्या पट्टीवर होता. माझी प्रत पूर्ण अर्ध्या स्वराने चढी होती.

अर्धा स्वर म्हणजे वेगातील सुमारे सहा टक्क्यांचा फरक. दहा मिनिटांचे गाणे साडेनऊ मिनिटांच्या आत उरकते. तेव्हा एवढे लक्षात ठेवले की पुरे: स्कार्लेट–फायरचा षड्ज पांढरी सात, ‘डार्क स्टार’ या गाण्याचा पांढरी सहा, आणि तिन्हींत निषाद मुख्यतः कोमल, म्हणजे स्वरांपुरता खमाज थाट. पेटी नसेल तर फोनमधल्या तानपुऱ्यावर तपासावे. पूर्ण अर्धा स्वर चढा असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा वेग ५.६ टक्के कमी करावा. वेग बदलावा, नुसती पट्टी बदलू नये, कारण फितीचा दोष दोन्हींत मिळूनच आलेला असतो. स्वराच्या पाव हिश्शाहून कमी फरक असेल तर मात्र हात लावू नये. त्या रात्री तारा तशाच लागल्या असण्याची शक्यता अधिक.

एक गाणे धरून वर्षांमधून चालावे

‘सर्वोत्तम पन्नास कार्यक्रम’ छापाच्या याद्या क्रमाने ऐकणारे कंटाळतात, असा माझा अनुभव आहे. एकच गाणे, किंवा एकच जोडी, तीन-चार वर्षांतून ऐकली म्हणजे बँड कळू लागतो. एकाच गायकाचा यमन चार मैफिलींतून ऐकल्यावर त्या गायकाचे जे कळते, तसे. मी स्कार्लेट–फायर सुचवतो, आणि त्याला मुंबईचेही एक कारण आहे.

माहीमला वाढलेले झाकीर हुसेन १९७० च्या सुमारास अमेरिकेला गेले. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून मिकी हार्टने त्याआधीच तालाचे धडे घेतले होते. बँडच्या १९६८–६९ मधील ‘द इलेव्हन’ या अकरा मात्रांच्या, तीन-तीन-तीन-दोन अशा खंडांच्या रचनेत त्या हिशेबी वळणाचा वास येतो. झाकीरभाई आणि हार्ट यांच्या ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची तबकडी १९७६ मध्ये निघाली. तिच्यातील एका रचनेत गार्सियाची गिटार आहे आणि ती रचना म्हणजेच ‘फायर ऑन द माउंटन’चे शब्द नसलेले पूर्वरूप. तेव्हा चालायला सुरुवात या तबकडीपासून करावी, तबल्यांच्या गर्दीत ती ओळखीची दोन सुरांची झुलती चाल सापडते का पाहावे, आणि मग बँडकडे वळावे.

‘स्कार्लेट’ पहिल्यांदा २३ मार्च १९७४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये वाजले. ‘वॉल ऑफ साउंड’ या नावाने प्रसिद्ध असलेली, सुमारे सहाशे लाउडस्पीकरांची भिंतही त्याच रात्री उभी राहिली होती. भिंत वादकांच्या पाठीशी असे, त्यामुळे जे श्रोते ऐकत तेच वादकही ऐकत. पण तोच आवाज गायकांच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून प्रत्येकापुढे दोन माइक उलट्या फेजमध्ये जोडलेले असत आणि गायक त्यांपैकी एकातच गात असे. समान रीतीने दोन्हींत शिरणारा आवाज वजा होई, पण त्या वजाबाकीत गळ्याचा भरीवपणाही थोडा जाई. १९७४ च्या मुद्रणांत गाणे पातळ आणि वाद्ये मात्र काचेसारखी लख्ख वाटतात ती यामुळे. या वर्षीचे ‘स्कार्लेट’ एकटे असते, चपळ असते, आणि शेवटचा जॅम कुठे जायचे हे न ठरवता रेंगाळतो. मला ते रेंगाळणे आवडते.

त्यानंतर १८ मार्च १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ‘फायर’ पहिल्यांदा आले आणि ‘स्कार्लेट’ला जोडूनच आले. पुढे दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ८ मे रोजी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये, ते प्रसिद्ध रूप वाजले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २०११ च्या यादीत या कार्यक्रमाचा समावेश झाला आणि अधिकृत प्रकाशन २०१७ मध्ये निघाले. दुसरा सेट, म्हणजे कार्यक्रमाचा उत्तरार्ध, सुरू होण्यापूर्वी पुढे चेंगरलेल्या लोकांना एक पाऊल मागे सरकण्याची विनवणी वादक करतात, ती वगळू नये. सभागृह किती भरले होते ते तिच्यावरून कळते. मग पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ ही जोडी चालते. ‘स्कार्लेट’च्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत कान गिटारवरून काढून खाली न्यावा. गार्सिया अजून जुन्या गाण्यात फिरत असतो, डोना शब्दांविना आलाप घेत असते, आणि तेवढ्यात फिल लेशची बेस गिटार व दोन्ही ड्रम नव्या गाण्याचा डुलता ठेका धरू लागतात. काही काळ दोन्ही गाणी एकाच वेळी चालू असतात. षड्ज एकच असल्यामुळे सांधा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मी कित्येकदा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी बोट वेगळ्या सेकंदावर पडले आहे.

हाच या बँडचा सर्वश्रेष्ठ कार्यक्रम, असे अनेक चाहते मानतात. माझे मत तसे नाही. हे मुद्रण अतिशय उत्तम आहे, वादन नेटके आहे, आणि त्या नेटकेपणामुळेच धोका पत्करलेला कमी दिसतो. परंतु ओळख करून घ्यायला याहून सोयीचे दुसरे नाही. ते पचल्यावर १९७८ नंतरची रूपे ऐकावीत, ज्यांत गार्सिया फिल्टर लावून प्रत्येक सुराचे तोंड उघडझाप केल्यासारखा आवाज काढतो आणि ब्रेंट आल्यावर पियानोची जागा ऑर्गनची दाट साय घेते.

लोकलमध्ये काय ऐकावे आणि काय ऐकू नये

दादरहून चर्चगेटची धिमी लोकल पकडली तर कॉर्नेलचे स्कार्लेट–फायर प्रवासात जवळजवळ पूर्ण होते. मुंबई सेंट्रलच्या आसपास ‘फायर’ लागते. सोय मोठी आहे, पण गाडीच्या चाकांची घरघर नेमकी बेसच्या सप्तकात असते आणि ती लेशला पूर्ण गिळते. लेश मूळचा ट्रम्पेटवादक, मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओ यांच्याकडे रचनाशास्त्र शिकलेला, आणि बँडमध्ये येईपर्यंत त्याने बेस गिटार कधी वाजवलीच नव्हती. त्यामुळे तो ठेका धरून न राहता सतत प्रतिसूर रचत असतो. तो ऐकू आला नाही तर बँडची निम्मी बुद्धी बाहेर राहिली असे समजावे. आवाज वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण चाकांवर मात करण्याइतका आवाज कानांना परवडत नाही. म्हणून प्रवासात पहिला सेट ऐकावा, ज्यात सुटी, आटोपशीर गाणी असतात, आणि दुसरा सेट रात्री उशिरा, शेजाऱ्यांचे दूरदर्शन संच थंडावल्यावर, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐकावा. बॉब वेअरची दुसरी गिटारही अशा शांततेतच सापडते. पियानोवादक मॅकॉय टायनर यांच्या डाव्या हातावरून त्याने आपली शैली बेतली. तो सूर भरत नाही, गार्सियाच्या दोन वाक्यांमध्ये तुकडे टाकतो. एकदा सबंध गाणे फक्त त्याच्यावर कान ठेवून ऐकावे.

‘डार्क स्टार’ सर्वांत शेवटी घ्यावे. १९६८ च्या छोट्या तबकडीवर ते तीन मिनिटांच्या आत संपते. २७ फेब्रुवारी १९६९ च्या फिलमोर वेस्टमधील रूपात, जे ‘लाइव्ह/डेड’ या तबकडीत आहे, ते तेवीस मिनिटांवर जाते. ते ऐकून झाल्यावर २७ ऑगस्ट १९७२ रोजी ऑरेगनमधील व्हेनेटा येथे, भर उकाड्यात उघड्या माळावर वाजलेले घ्यावे. ते अर्ध्या तासाच्या घरात आहे, ड्रमवादक एकच आहे, आणि मध्यंतरी सूर, लय, चाल सर्व विरघळून फक्त किणकिणणे उरते. पहिल्या खेपेला तिथे माझा हात फोनकडे गेला होता. तिथे पुढे सरकवू नये. त्याउलट ऐंशीच्या दशकातले ‘ड्रम्स’ आणि ‘स्पेस’ हे दर रात्रीचे नेमाचे भाग पहिल्या ऐकण्यात बिनदिक्कत ओलांडावेत. त्यांची गोडी लागायची तेव्हा लागते.

ऐकलेल्याची नोंद ठेवावी. मी दोनशे पानी वहीत तारीख, ठिकाण, मुद्रणाची जात, षड्ज पेटीच्या कोणत्या पट्टीवर पडला, आणि जिथे मान वर झाली ते मिनिट, एवढेच लिहितो. व्हेनेटाच्या पानावर चार तारखा आहेत आणि चौथ्या खेपेचे मिनिट पहिल्या तीन खेपांशी जुळत नाही. त्याखाली मामांच्या अक्षरात, पेन्सिलीने, ‘पांढरी सहा, किंचित चढी’ असे लिहिलेले आहे.